राजाबाईची मोरी

राजाबाईचा या जगात दोनच गोष्टींवर विश्वास होता: स्वतःचे डोळे आणि स्वतःची कुलपे. त्यातली कुलपेसुद्धा ती लावल्यावर तीनदा ओढून बघे. डोळे ओढून बघता येत नाहीत म्हणून ते सुटले.

पोस्टमन पत्र घेऊन आला की ती आधी पाकिटाची पाठ बघे आणि मग जाणाऱ्या पोस्टमनची. पहाटे शेजारचा कोंबडा रोजच्यापेक्षा जरा लवकर आरवला, तर "आज याला कनाला घाई झाली?" असे म्हणत ती कोंबड्यांची खुराडी आतून तपासून येई. तिच्या खानावळीत जेवणाऱ्या कुणी आमटीला चांगले म्हटले, तर त्याची धडगत नसे. "आज चांगली म्हनतोस. म्हंजे काल वाईट होती?" असा सरळ सवाल येई, आणि त्या बिचाऱ्याला आमटी गार होईपर्यंत कालच्या आमटीची बाजू मांडावी लागे.

मुंबईत याच नावाचा एक मनोरा आहे. आमची राजाबाई उंचीने त्याच्याच वळणावर गेली होती. पुरुषांच्या घोळक्यात उभी राहिली तरी तिची कुंकू लावायची रिकामी जागा साऱ्यांच्या टोप्यांच्या वर दिसे. मनोऱ्याला घड्याळ आहे, हिला संशय होता. दोन्ही दिवसरात्र चालू.

हा संशय ज्या जागेवर नांदत होता, ती जागाही तशीच संशय यावा अशी होती. लढाईच्या दिवसांत सरकारने कल्याण आणि अंबरनाथ यांच्या मधल्या माळावर पलटणींसाठी बराकी बांधायला काढल्या. पूर्वेच्या डोंगरातून एक वहाळ उतरून या माळावरून जाई आणि पुढे वालधुनी नदीला मिळे. गावचे लोक त्याला चिंबोऱ्यांचा वहाळ म्हणत, कारण पावसाळ्यात त्याच्या काठच्या बिळांतून खेकडे, म्हणजे तिकडच्या भाषेत चिंबोऱ्या, टोपलीने निघत. पण पलटणीच्या मोटारी वहाळासाठी थांबायला तयार नव्हत्या. तेव्हा गोऱ्या साहेबाने नकाशा काढला, वहाळाच्या दोन्ही अंगांना दगडी भिंती घातल्या, वरून फरशा अंथरल्या आणि त्यावरून रस्ता नेला. फरशा अंथरणाऱ्या टोळीचा मुकादम होता बाळाजी, म्हणजे राजाबाईचा नवरा.

लढाई संपली तेव्हा साहेब नकाशा घेऊन विलायतेला गेला. बाळाजी इथेच राहिला. वहाळ कुठून कुठे जातो हे ठाऊक असलेला माणूस इथे, आणि तसे लिहिलेला कागद सात समुद्रांपलीकडे, अशी वाटणी झाली.

मग फाळणी झाली आणि सिंधमधून उठून आलेली माणसे त्या बराकींत येऊन राहिली. दोन वर्षांत कल्याण कॅम्पचे उल्हासनगर झाले. एकेका बराकीत पडदे लावून दहा-दहा संसार उभे राहिले. पडद्यांच्या भिंती झाल्या, भिंतींपुढे पडव्या आल्या, पडव्यांपुढे दुकाने आली. आपण चूल मांडली आहे ती एका वहाळाच्या पाठीवर, हे त्यातल्या एकालाही माहीत नव्हते. माहीत असायचे कारणही नव्हते. वरून बघणाऱ्याला फक्त जमीन दिसे.

बाळाजीचे घर अंबरनाथच्या बाजूला, शेवटच्या बराकीच्या खालच्या अंगाला होते. बराक वरच्या बाजूला, तिच्याखालून येणारा वहाळ राजाबाईच्या अंगणाखालून पुढे वालधुनीकडे. घराचे जोते बाळाजीने कमरेएवढे उंच घेतले होते. अंगणाच्या कोपऱ्यात एक चौकोनी लोखंडी झाकण होते, त्याला हात घालून उचलायला वीतभर चीर. आतला गाळ काढायला पलटणीने ठेवलेले ते तोंड.

"राजे," बाळाजी पावसाळ्यात त्या झाकणाला कान लावून म्हणे, "वरून रस्ता, खालून व्हाळ. व्हाळ मेला नाय, निजलाय. याच्या तोंडात काय टाकू नको."

राजाबाईला तेव्हा संशय आला की हा माणूस या भोकात काहीतरी लपवतो. एक्कावन्न साली बाळाजी तापाने गेला. तेराव्याचे पाहुणे निघून गेल्यावर राजाबाईने झाकण उचलून बघितले. आत काही नव्हते. ज्या जागेत बाळाजीसारख्या माणसाने काही लपवले नाही ती जागा कुणालाच सुचणार नाही, म्हणजे लपवायला हीच सर्वांत चांगली, असा तिने निष्कर्ष काढला आणि झाकणाला कडी बसवून कुलूप घातले.

लपवायला तिच्याकडे होते तरी काय? राख.

हसू नका. अंबरनाथच्या कारखान्यांत पाळीवर जाणारी एकटी माणसे तिच्याकडे जेवत. तीन चुली दिवसभर पेटत, त्यातल्या दोन दगडी कोळशावर. आणि राजाबाईच्या माहेरच्या गावात सर्वांना पक्के ठाऊक होते, की एखाद्याच्या चुलीतली राख परक्याच्या हाती लागली तर तो तिच्यावर करणी करून ते घर बुडवू शकतो. म्हणून भांडी घासण्यापुरती राख ठेवून उरलेली ती उकिरड्यावर टाकत नसे, कुणाला देत नसे. दिवेलागणीला, कुणी बघत नाही असे बघून, झाकणाच्या चिरेतून दोन बादल्या राख ती खाली सोडून देई. पावसाळा आला की वहाळ ती वाहून नेई. करणी करायची तर करणाऱ्याने थेट समुद्रावर जाऊन करावी!

या राखेवरूनच तिची अमांशी ओळख झाली होती. अमां म्हणजे बराकीच्या शेवटच्या खोलीत राहणाऱ्या टेऊमल कापडवाल्याची म्हातारी आई. एकोणपन्नास साली, आल्याच्या दुसऱ्या दिवशी, ती पितळेची एक वाटी घेऊन राजाबाईच्या दारात उभी राहिली आणि भांडी घासायला राख मागू लागली. राजाबाईच्या अंगावर काटा आला. आल्या आल्या राख! पण समोर पांढऱ्या केसांची, घरदार सोडून आलेली बाई. नाही कसे म्हणायचे? तेव्हा तिने वाटीत मूठभर लसूण घातला आणि दार लावून घेतले.

तासाभराने अमांनी वाटी परत आणली. लसूण सोललेला होता. म्हातारीला वाटले, काम सांगितले.

त्या दिवसापासून सात वर्षे अमां रोज सकाळी राजाबाईच्या ओट्यावर बसून लसूण सोलत आल्या होत्या. राजाबाई लसूण पाकळ्या मोजून देई आणि मोजून घेई, हे खरे. पण दुसऱ्या कुणाला तिने लसणाला हात लावू दिला नव्हता, हेही खरे. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, त्यामुळे भांडणाला वाव नव्हता. फक्त अमां तिला "धीअ" म्हणून हाक मारीत, आणि ही शिवी असावी असा राजाबाईला पुष्कळ दिवस संशय होता. शेवटी खानावळीत जेवणाऱ्या विष्णुपंतांनी उलगडा केला.

"अहो, धीअ म्हणजे मुलगी. आमच्या कोकणात धूव म्हणतात, तेच ते."

"बघा हां पंत. नायतर सात वर्सं मी शिवीला ओ देत आले."

विष्णुपंत कारखान्याच्या कचेरीत कारकून होते. बायको गेल्यावर अंबरनाथ पश्चिमेहून रोज दोन वेळा चालत जेवायला येत. माणूस शब्दांचा शौकीन. "मीठ वाढा" म्हणायचे तर "लवणाची तजवीज व्हावी" म्हणत, आणि राजाबाई त्यांना लोणचे वाढी.

*

छप्पन सालच्या जूनमध्ये पाऊस सुरू होऊन दोन आठवडे झाले तरी अंगणातल्या झाकणातून आवाज येईना.

दरवर्षी आर्द्रा लागल्या की त्या चिरेतून वहाळाचा घोगरा आवाज येई, आणि पाठोपाठ एखादी चिंबोरी चिरेतून वर येऊन अंगणात नांग्या परजत उभी राही. राजाबाई तिचा रस्सा करी, पण त्याआधी तिला पोचपावती दिल्यासारखे म्हणे, "आलास रे व्हाळा." या वर्षी आवाज नाही, चिंबोरी नाही. संध्याकाळी राख सोडली तर ती धप्प करून कुठेतरी जवळच पडे.

राजाबाईने हिशेब मांडला. आपल्या अंगणात पाणी येत नाही, म्हणजे वर कुणीतरी अडवले. वर कोण? टेऊमल.

आणि टेऊमलचे वागणे तरी कसे! गेला महिनाभर तो संध्याकाळी दुकान बंद करून आला की टोपल्यांतून दगड-विटांचे तुकडे घरात नेई आणि दार लावून घेई. आत ठोकाठोक चाले. तुकडे आत जात, बाहेर काही येत नसे.

"व्हाळ बुजवतोय तो," राजाबाईने पंतांना वाढता वाढता सांगितले. "जमीन पायजे त्याला."

"कशावरून?"

"दार लावून घेतो. चांगलं काम मानूस दार उघडं ठेवून करतो, पंत."

"आंघोळ?" पंतांनी विचारले.

राजाबाईने त्यांना त्या दिवशी ताक वाढले नाही.

तिकडे टेऊमलच्या मनात दुसरेच पाणी मुरत होते. त्याच्या खोलीची खालच्या बाजूची भिंत छातीएवढी ओली झाली होती. फरशीच्या सांध्यांतून पाझर फुटला होता. अमांचे पाय सुजले, खोकला लागला, लसूण सोलायला येणे बंद झाले. आता त्या खाटेवरून उठतही नव्हत्या. त्या भिंतीपलीकडे कोण? राजाबाई. दिवसाला साठ माणसांची भांडी कोण घासते? राजाबाई.

एका सकाळी तो अंगणात येऊन उभा राहिला. हात जोडूनच आला, थोरल्या बहिणीला मारतात तशी 'अदी' हाकही मारली, पण आवाज चढलेला.

"अदी, तुम हमारी भिंत पे पानी क्यों डालती है? मेरी मां बीमार है."

"मी पानी टाकते? तूच व्हाळ बुजवतोस नि मना इचारतोस?"

"वाळ? कौनसा वाळ?"

"तुझ्या खाटेखाली हाय तो!"

"मेरी खाट के नीचे अमां का संदूक है, अदी. वाळ नहीं है."

"बघा! संदूक ठेवून झाकलान वरून!"

टेऊमलने कपाळाला हात लावला आणि ओट्यावर जेवत बसलेल्या पंतांकडे बघितले. पंतांनी ताटाकडे बघितले. बाई बोलते आहे ती भाषा आपल्याला येत नाही की आपली अक्कल चालत नाही, हे ठरवता न येऊन टेऊमल परत गेला. जाताना त्याने भांडी घासायच्या दगडाकडे असे बघितले की राजाबाईने तो दगड संध्याकाळी घरात उचलून ठेवला.

पण ओली भिंत तिने ऐकली होती. अमां उठत नाहीत, हेही ऐकले होते. टेऊमलची खोली बराकीत सर्वांत खाली होती. जोराचा पाऊस झाला आणि वहाळ असाच तुंबून राहिला, तर तो पहिल्यांदा त्या खोलीत उभा राहील, आणि त्या खोलीत खाटेवरून न उठणारी म्हातारी होती. राजाबाई हे बोलली नाही. ती एवढेच म्हणाली, "लसूण मनाच सोलावा लागतोय. पंत, अर्ज लिवा."

*

पंतांनी अर्ज लिहिला. दोन दिवस घेतले, तीन टाक बदलले. रस्त्याखालून पाणी जाते त्या वाटेला सरकारी दप्तरात 'मोरी' म्हणतात, हे त्यांना ठाऊक होते आणि तो नेमका शब्द वापरायला मिळाल्याचा आनंद त्यांना मावत नव्हता.

'सदर इसम नामे राजाबाई यांचे घरालगतची मोरी तुंबली असून पाण्याचा निचरा होत नाही. शेजाऱ्यांचे जीवितास धोका संभवतो. सबब योग्य ती तजवीज व्हावी.'

वसाहतीच्या कचेरीत हा अर्ज ज्याने वाचला तो माणूस चाळीत वाढलेला असावा. चाळीत मोरी म्हणजे घराच्या कोपऱ्यात जिथे आंघोळ करतात आणि भांडी विसळतात ती जागा. मोरी तुंबून शेजाऱ्यांच्या जिवाला धोका कसा, याचा त्याने विचार केलाच असेल. पण भांडणाचे अर्ज त्याने पुष्कळ वाचले असणार. चौथ्या दिवशी बांबूची लांब काठी खांद्यावर टाकून हिरामण नावाचा माणूस राजाबाईच्या दारात हजर झाला.

"मोरी कुठाय, मावशी?"

"ही काय, अंगनाखाली!"

"अंगनाखाली? मोरी घरात असते." असे म्हणून तो सरळ आत शिरला, स्वयंपाकघरातल्या मोरीच्या भोकात बांबू घातला आणि मन लावून ढोसू लागला. रिठ्याच्या पाच-सहा बिया, एक शर्टाचे बटण आणि केसांचे एक गुंतवळ निघाले. पाणी भसाभसा गेले. हिरामणने ते सारे अभिमानाने केळीच्या पानावर मांडून दाखवले.

"झाली मोकळी."

"अरे मेल्या, ही तुंबलीच नव्हती!"

"आता तर नक्कीच नाय तुंबनार."

राजाबाईने त्याला हाताला धरून अंगणात आणले आणि वहाळाची सगळी कथा सांगितली: पलटण, साहेब, बाळाजी, फरशा, टेऊमलच्या टोपल्या. हिरामण जवळच्याच गावचा; त्याच्या आजाने या वहाळात चिंबोऱ्या धरल्या होत्या. त्याला पटले. त्याची नजर कोपऱ्यात गेली.

"मग हे झाकन त्याचंच असंल. उघडा, बांबू घालून बघतो."

राजाबाई झाकणावर बसली.

काय करणार होती? आत चिरेखाली तिची राख होती. ती परक्याने बघायची, त्यात परक्याने बांबू फिरवायचा, आणि वर तो बांबू खांद्यावर टाकून गावभर फिरायचे!

"ते आमच्या मालकांचं हाय," ती म्हणाली.

"मग मालकाला इचारू?"

"मालक वारले."

"मावशी, मालकाला कोन उघडतंय? झाकन उघडतो."

"झाकनात काय नाय! बिघाड वर हाय, टेऊमलकडं. तू जेवनार का नाय?"

हिरामण जेवला. असा जेवला की दुसऱ्या दिवसापासून तो खानावळीचा कायमचा गिऱ्हाईक झाला. कचेरीत त्याने 'मोरी साफ केली' असा शेरा दिला. तेव्हापासून राजाबाई वाढताना त्याच्या हाताकडे लक्ष ठेवी, कारण तिची पितळी मुठीची सांडशी दोन वर्षांपूर्वी हरवली होती आणि तिच्या चोरीचा संशय घ्यायला आता बराकीत नवीन माणूस उरले नव्हते. जुन्या सर्वांवर घेऊन झाला होता.

पंतांनी दुसरा अर्ज लिहिला, या वेळी 'वहाळ' असे स्पष्ट लिहून. त्याला उत्तर आले: 'कचेरीतील नकाशात सदर ठिकाणी वहाळ दिसून येत नाही. नसलेल्या वहाळास अडथळा होणे संभवत नाही. तक्रार निकाली काढण्यात येत आहे.'

पंतांना उत्तराची भाषा इतकी आवडली की त्यांनी ते दोनदा मोठ्याने वाचले. दुसऱ्यांदा वाचताना राजाबाईने त्यांच्या हातून कागद काढून घेतला.

*

जुलैच्या मध्यावर पाऊस धरून बसला. तीन दिवस डोंगर दिसले नाहीत. वालधुनी दोन्ही काठांना लागून चालली होती. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणाची पहिली पंगत बसली होती, तेवढ्यात टेऊमल भिजत आला. हातात बिस्किटाचा पत्र्याचा डबा, वर झाकण दाबून धरलेले.

"अदी, ये तुम्हारा है?"

त्याने झाकण किलकिले केले. आतून एक काळी नांगी वर आली.

पंगतीतली माणसे हसली. टेऊमल हसत नव्हता. "अमां की खाट पे चढ रहा था. किसने छोडा?"

राजाबाई डब्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा उतरला.

"ही माझी नाय," ती हळू म्हणाली. "ही व्हाळाची."

मग ती जी धावली ती पळीसकट. मागे टेऊमल डबा घेऊन, त्याच्यामागे उष्ट्या हाताने हिरामण, आणि सर्वांत शेवटी धोतर गुडघ्यापर्यंत उचललेले विष्णुपंत.

टेऊमलच्या खोलीचे दार तिने सात वर्षांत पहिल्यांदा ओलांडले. फरशीच्या प्रत्येक सांध्यातून गढूळ पाणी उकळी फुटल्यासारखे वर येत होते. घोट्याच्या वर पाणी झाले होते. त्या पाण्यात दगड-विटांचा एक ओबडधोबड ओटा होता, हातभर उंच, चुन्याने सांधलेला. ओट्यावर खाट, खाटेवर अमां.

वहाळात टाकलेले तुकडे ते हेच. टेऊमलने महिनाभर दार लावून आईची खाट वर उचलली होती. दार लावून, कारण कचेरीच्या परवानगीशिवाय खोलीत बांधकाम करायला मनाई होती.

राजाबाईचा संशय त्या दिवशी निर्वासित झाला. इतकी वर्षे टेऊमलच्या घरी त्याचा मुक्काम होता. आता तिथून निघाला, पण जायचे कुठे?

"उचलून न्या हिला माझ्या घरी," ती म्हणाली.

"कैसे ले जाएं, अदी? बाहर रास्ता देखो." दारासमोरच्या सखल रस्त्यावरून माळावरचे सारे पाणी लोटत चालले होते, मांडीपर्यंत पाणी आणि त्याला जोराची ओढ होती. एकट्याने कसेबसे यावे इतपत. म्हातारीला खाटेसकट नेणे शक्य नव्हते. आणि आतले पाणी ओट्याच्या निम्म्याला आले होते.

"पाणी खालून येते आहे," पंत म्हणाले. पहिल्यांदाच त्यांना शब्द साधे सुचत होते. "म्हणजे ते इथपर्यंत येते आणि पुढे जात नाही. अडले आहे ते इथून खाली."

इथून खाली म्हणजे राजाबाईचे अंगण.

हिरामणने तिच्या कमरेकडे बघितले. तिथे किल्ल्यांचा जुडगा होता.

राजाबाईने अमांकडे बघितले. अमां खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. खोलीतल्या माणसांत भ्यायलेल्या नव्हत्या अशा त्या एकट्याच. हिला बघून त्यांनी हात पुढे केला.

"धीअ," त्या म्हणाल्या, आणि मग बोटे चोळून दाखवली. लसूण कुठे आहे?

राजाबाई वळली. अंगणात येऊन तिने कुलूप काढले. ते तिने ओढूनही बघितले नाही. "उघडा," ती म्हणाली.

हिरामण आणि टेऊमल यांनी पहारीने झाकण उचलले. आत अंधार नव्हता, खोली नव्हती, पाणी नव्हते. झाकणाखाली हातभरावर काळपट, घट्ट, दगडासारखी जमीन होती. हिरामणने बांबू मारला. बांबू वाजला.

"सिमेंट?" टेऊमलने विचारले.

हिरामणने खाली वाकून चिमूटभर उकरून बोटांत चोळले. वास घेतला. मान वर केली. "मावशी, ही राख हाय."

"कोणाची?" पंतांनी विचारले आणि विचारताच त्यांच्या लक्षात आले. त्यांनी पुढचा शब्द गिळला. आजवर त्यांनी गिळलेला हा एकमेव शब्द.

"माझी," राजाबाई म्हणाली. "पाच वर्सांची. पूर्वी पावसाला जायची. दोन वर्सांत जेवनारी मानसं वाढली, चुली वाढल्या..." मग तिने पदर खोचला. "बाजूला व्हा. कोनी हात लावायचा नाय. माझी राख मी काढीन."

ती पहार घेऊन भोकात उतरली. उतरली म्हणजे राखेवर उभी राहिली; सुरुवातीला ती भोकात आहे हे तिच्या पायांवरूनच कळत होते. पण एकेक थर फोडत ती खाली जाऊ लागली. घमेले भरून वर देई. टेऊमल ते घेई, हिरामण पुढे नेई, आणि पंत ती राख अंगणाच्या वरच्या कोपऱ्यात ओतत. पावसात राखेचा चिखल होऊन पंतांच्या धोतरावर आला, चष्म्यावर आला. राजाबाईच्या चुलीची राख भर दुपारी चार माणसांच्या हातांतून फिरत होती, आणि बराकीतली शंभर माणसे छपराखाली उभी राहून बघत होती. तिने मान वर करून बघितलेसुद्धा नाही.

छातीएवढी खोल गेल्यावर पहारीला काहीतरी खणकन लागले. तिने हात घालून उपसले. पितळी मुठीची सांडशी.

बादलीत राहून गेली असणार. तिने ती हिरामणच्या हातात दिली. हिरामणने टेऊमलकडे दिली. टेऊमलने ती नीट बघितली, कारण तिच्यासाठी त्याच्या घराचीही एकदा झडती झाली होती, आणि पंतांकडे दिली. पंतांनी ती धोतराला पुसून ओट्यावर ठेवली. यावर कुणीही एक अक्षर बोलले नाही. राजाबाईला आयुष्यात याहून मोठी शिक्षा कुणी केली नसेल.

पुढचा घाव घातला आणि खालून एक हुंदका आल्यासारखा आवाज झाला.

"अदी, बाहर!" टेऊमल ओरडला आणि पोटावर पडून त्याने तिचे दोन्ही दंड धरले. हिरामणने टेऊमलचे पाय धरले. पंतांना धरायला काही उरले नव्हते, म्हणून त्यांनी हिरामणचा सदरा धरला. राखेचा उरलेला थर एकदम खचला, आणि त्याखालून वहाळ सुटला. काळे पाणी, मग गढूळ पाणी, मग लालसर डोंगराचे पाणी. त्याचा तो घोगरा आवाज अंगणभर घुमला. राजाबाई वर ओढली गेली तेव्हा तिच्या लुगड्याला दोन चिंबोऱ्या लटकत होत्या.

ती चिखलात बसून ऐकत राहिली.

"निजला होता, मालक," ती कुणालातरी म्हणाली. "मीच अंगावर पांघरून घातलं."

तासाभरात टेऊमलच्या खोलीतले पाणी सांध्यांतून आले तसे सांध्यांतून परत गेले. खाटेचे पाय भिजले होते, त्याच्या वर काही नाही.

*

पाऊस उघडल्यावर पंतांनी तिसरा अर्ज लिहायला घेतला. "लिवा," राजाबाई म्हणाली, "पन मोरी लिवू नका." मग तिने अर्जासोबत नकाशाही जोडायला लावला. ती स्वतः बराकीबराकीतून चालत गेली, बाळाजीने दाखवलेल्या खुणा पायाने दाबत: इथून वळतो, इथे रुंद होतो, या दुकानाच्या गल्ल्याखालून जातो. पंत मागून कागदावर रेघ ओढत गेले, टेऊमल लोकांना सिंधीत समजावत गेला. कचेरीने त्या नकाशाचे काय केले ते अजून कळलेले नाही. पण बराकीतल्या माणसांना आपण कशावर झोपतो ते कळले, आणि आपल्या फरशीला कान लावायची सवय काही घरांत लागली.

आणि राजाबाई?

पाणी ओसरल्याच्या दुसऱ्या सकाळी ती कालची राहिलेली दोन बादल्या राख घेऊन अंगणात आली आणि थबकली. झाकण उघडे होते. खाली वहाळ वाहत होता. राख टाकायला जागा नव्हती. मग एक बादली खाली ठेवली, दुसरी घेऊन ती बराकीच्या शेवटच्या खोलीशी गेली.

अमां दारात उन्हाला बसल्या होत्या. बाजूला चिखलाने माखलेली भांडी होती, आणि त्यांत तीच पितळेची वाटी.

राजाबाईने वाटी उचलली, राखेने शिगोशीग भरली आणि त्यांच्यापुढे ठेवली.

"घासायला हाय," ती बजावून म्हणाली. "फकस्त घासायला. दुसरं कायबाय करायचं नाय."

अमांना यातले एक अक्षर समजले नाही. सात वर्षांपूर्वी मागितलेली राख आज मिळाली, एवढे मात्र समजले. त्यांनी दोन्ही हातांनी वाटी कपाळाला लावली आणि एक तांब्या पुढे ओढला.

राजाबाई परत फिरली. अंगणाच्या कडेपर्यंत गेली. मग थांबली, आणि म्हातारी खरोखर तांब्याच घासते आहे ना, ते भिंतीआडून वाकून बघू लागली.